टँकरला सलामी

किसन, काल तुझ्या जलदान विधीला चार जण बोलले आणि चौघेही खोटं बोलले.

पहिल्यानं तुला ‘शांत स्वभावाचे’ करून टाकलं. दुसरा म्हणाला, ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात.’ तिसरा मुरुडच्या मोंढ्यातला आडत्या. त्याच्या आडतीवर तू तीस वर्षं पोती वाहिलीस, आणि त्याला तुझा गुण काय आठवावा, तर ‘किसनरावांनी कधी तक्रार केली नाही!’ चौथे आपल्या शाळेचे आताचे मुख्याध्यापक. तू ढोल वाजवायचास तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसेल. ते म्हणाले, “लहानपणी किसनरावांच्या हातून एक गमतीदार चूक झाली होती. मंत्र्यांच्या स्वागताला निघालेला आपला बँड रस्ताच चुकला!”

लोक हसले. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या, तुझी बायको खाली मान घालून बसली होती आणि लोक हसले. मी दुसऱ्या रांगेत होतो. नांदेडहून पहाटेची एसटी धरून, लेकीनं बांधून दिलेला डबा मांडीवर तसाच ठेवून बसलो होतो. चार वेळा उठावंसं वाटलं आणि चारही वेळा उठलो नाही. म्हणून आता हे लिहितोय. जिवंत होतास तोवर तू मला धड बोलू दिलं नाहीस, आता ऐकून घे.

रस्ता चुकला म्हणे! आपला बँड आणि रस्ता चुकला!

अरे, त्या बँडात चूक करायला जागा तरी होती का? वीस पोरं, चार बिगुल, सहा साइड ड्रम, बासऱ्या, झांजा आणि सगळ्यांच्या पुढं पोटावर मोठा ढोल घेतलेला तू. इतर शाळांत मोठा ढोल मागं असतो. आपल्याकडं तो पुढं, कारण हबीबमास्तरांचा कायदाच तसा होता. नांदेडहून आलेला तो म्हातारा, निजामाच्या पलटणीत पोरवयात बिगुल फुंकलेला, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पण कान असा, की झांजेचा एक पत्रा जरा उशिरा लागला तर पाठीमागून काठी बसायची. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्याला रांगेत उभं केलं आणि एकच गोष्ट सांगितली. “ढोल कू देखो. रस्ते कू नक्को देखो. ढोल जिधर, बँड उधर.”

ते आपण पाठच केलं. वळायच्या आधी ढोलावर दोन जोडठोके पडले की डावीकडं, तीन पडले की उजवीकडं, आणि पुढचा डावा पाय पडेल तो नव्या दिशेला. तुझ्या मागं डाव्या हाताला साइड ड्रम घेऊन पहिला मी. तुझ्या मानेवरचा ढोलाच्या पट्ट्याचा काळा वळ मी वर्षभर रोज पाहिला. आजही डोळे मिटले की तुझं तोंड नाही, आधी तो वळ दिसतो.

किती सुख होतं रे त्यात. सकाळी शाळेच्या मागच्या माळावर वीस जणांचे पाय एकदम पडायचे आणि आपला पाय कुठला, दुसऱ्याचा कुठला हे कळायचं नाही. घरी मी तिसरा पोरगा, कुणी नाव घेऊन हाकसुद्धा मारत नसे. माळावर मी डाव्या हाताचा पहिला होतो. एक दिवस तापानं गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, “काल डावी बाजू लंगडी झाल्ती, दिग्या.” माझ्यावाचून काहीतरी लंगडं होतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

आणि तो ढोल! दोन्ही बाजूंना कातडं, आणि त्या वर्षीचा तो उन्हाळा. पावसानं ओढ दिलेली, नद्या कोरड्या, हवेत ओल म्हणून नाही. कातडं इतकं ताणायचं, की हबीबमास्तर म्हणायचे, ओला हात फिरवला नाही तर फुटेल. आता पाणी आणायचं कुठून? शाळेचा माठ पालथा पडलेला. मग तू घरून वाटीभर पाणी आणायला लागलास. तुझी आई आधी भडकली होती. मी दारात उभा होतो, मला ऐकू आलं.

“माणसाला घोटभर न्हाई अन् तुज्या ढोलाला पाणी पाजू व्हय? बहात्तरला सुकडी खाऊन जगवलं तुला, ते ह्याच्यासाठी का?”

पण दिलं तिनं. भाकरी थापताना हात बुडवून उरलेलं, पिठानं पांढरं झालेलं पाणी. ते फेकायचं नाही, ढोलाला न्यायचं असं ठरलं. त्या पाण्यानं ढोलावर पिठाचे पांढरे डाग पडायचे, वाळल्यावर त्याला मुंग्या लागायच्या, आणि परेड सुरू व्हायच्या आधी आपण दोघं फुंकर मारून मुंग्या उडवायचो. आपल्या ढोलाला ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा, हे कालच्या चौघांपैकी कुणाला माहीत होतं?

आमच्या मळ्यातल्या विहिरीला तेव्हा हातभर पाणी होतं. माझ्या घरून ढोलासाठी एक वाटी कधी आली नाही. मी मागितलीच नाही. का, ते मला अजूनही सांगता येत नाही, पण राग येतो.

लातूर वेगळा जिल्हा झाल्याला तेव्हा काही महिनेच झाले होते. ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आता कचेरीसाठी उस्मानाबादला जायला नको, आता आपलं सगळं जवळ. नव्या जिल्ह्याला नवे साहेब, नवे बोर्ड, आणि मुख्य म्हणजे नवा पोलीस बँड होणार होता. ही बातमी हबीबमास्तरांनीच आणली होती. ते तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, “ये हात उधर जाना.” त्या दिवसापासून तू चालताना मांडीवर बोटांनी ठेके धरायचास.

मग आपल्या गावात मंत्रीसाहेब कसल्याशा कोनशिलेसाठी येणार असं ठरलं. फाट्यावर बँडनं त्यांच्या गाडीला सलामी द्यायची आणि गाडीच्या पुढं चालत त्यांना शाळेच्या मैदानापर्यंत आणायचं. पंधरा दिवस आपण तेवढंच केलं. बुटांना पांढरं करायला पाणी नव्हतं, म्हणून कोरडाच खडू घासला. तुझ्या कमरेचा लाल पट्टा तुझ्या आईच्या लुगड्याच्या काठाचा होता.

त्या दिवशी सकाळी शाळेचा शिपाई बोलून गेला, आणि ते आपण दोघांनीही ऐकलं. “आज टँकर येनार हाय. पर गावाला न्हाई, मैदानावर पानी माराया. साहेबाच्या अंगावर धूळ उडू ने म्हनून.”

नऊ दिवस बौद्धवाड्यातल्या आडावर टँकर आला नव्हता. गावातल्या विहिरीवर येऊन गेला होता, वाड्याच्या आडावर नाही. वाड्यातल्या बायकांनी घागरी रांगेत मांडून ठेवल्या होत्या. ज्यांच्याकडं घरात वापरायला दुसरी घागर नव्हती त्यांनी रांगेत आपला म्हणून दगड ठेवला होता. तुझ्या आईचा दगड अकरावा होता. तूच मला दाखवला होतास. आणि नऊ दिवसांनी येणारं पाणी मातीवर ओतायचं, कुणाच्या तरी कडक इस्त्रीच्या कपड्यांसाठी! मी आज अठ्ठावन्न वर्षांचा आहे, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, आणि हे लिहिताना पेनाच्या टोकानं कागद फाटलाय.

तू ढोलावर पिठाचं पाणी फिरवलंस, मुंग्या फुंकल्यास आणि पट्टा मानेत घातलास.

फाट्यावर आपण उन्हात तीन तास उभे. सर मंडळी सगळी मैदानावर, हारतुऱ्यांपाशी. आपल्याजवळ एकटे हबीबमास्तर, लिंबाखाली. दुपारी मुरुडच्या बाजूनं धूळ उठली. मोठी धूळ, मोठी गाडी. मास्तरांच्या डोळ्यांना धूळच दिसली. त्यांनी काठी वर केली आणि आपण सलामी वाजवली. चार बिगुल, सहा ड्रम आणि तुझा ढोल. धुळीतून बाहेर आला तो टँकर! मागून पाणी गळत होतं. ड्रायव्हरनं हे एवढं स्वागत पाहून टोपी काढली, बिचाऱ्यानं. त्याला वाटलं, नव्या जिल्ह्याची नवी पद्धत असेल.

इथवर चूक. मोतीबिंदूची चूक, मला मान्य आहे. सलामीनंतर गाडीच्या पुढं चालायला लागायचं हे अंगात भिनलेलं, तसे आपण चालायला लागलो. पुढं बँड, मागं टँकर, आणि त्याच्या मागं धुळीत मास्तर. पण पुढं गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो. उजवीकडं मैदान, डावीकडं बौद्धवाडा. तिथं तू ढोलावर दोन जोडठोके दिलेस.

दोन, किसन. मी मोजले आहेत. पंधरा दिवस त्याच जागी तीन देत होतास. चुकणारा माणूस गोंधळतो, त्याचा हात अडखळतो. तुझे ते दोन ठोके असे पडले, की मागची सगळी पोरं एका पायावर वळली. टँकर आपल्यामागं आला, कारण बँड जाईल तिकडं जायचं हेच त्या ड्रायव्हरला योग्य वाटलं. आडावर बायका उठून उभ्या राहिल्या. तुझी आई डोक्यावरचा पदर दातात धरून बघत राहिली. तू टँकरकडं तोंड करून पुन्हा सलामी वाजवलीस, आणि ड्रायव्हरनं नळी आडात सोडली.

मंत्रीसाहेब तासाभरानं आले. धूळ उडाली, त्यांनी नाकाला रुमाल लावला, कोनशिला बसवली आणि गेले. त्यांचं काय बिघडलं? तोळाभरही नाही. बिघडलं ते आपलं. दुसऱ्या दिवशी बँडला कुलूप. ढोल खोलीत. हबीबमास्तरांची पेटी बैलगाडीत.

तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी एकेकाला आत बोलावलं. तू सांगितलंस, मास्तरांची काठी उठायच्या आधी मीच ठोका दिला. म्हाताऱ्याची आंधळी चूकसुद्धा तू आपल्या अंगावर घेतलीस. आणि वळणाचं विचारल्यावर म्हणालास, “चुकलं सर. डावं-उजवं कळलं न्हाई.” ज्यानं आख्ख्या शाळेला डावं-उजवं शिकवलं, त्यानं हे सांगावं आणि त्या माणसानं ते मानावं! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांनी वर्तणुकीच्या रकान्यात तुझ्यासाठी लिहिलं ‘असमाधानकारक’. माझ्यासाठी ‘उत्तम’.

मी आत काय सांगितलं ते तुला ठाऊक होतं. “कोणी वळवलं?” असं त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, “किसननं, सर. आम्ही ढोलाकडं पाहत होतो. रस्त्याकडं पाहायचं नाही अशी मास्तरांची शिकवण आहे.” बाहेर तू भिंतीला टेकून उभा होतास. दार उघडंच होतं. मी बाहेर आलो तर तू म्हणालास, “चल, बोरं पाडू.”

एवढंच? शिवी दिली असतीस तर? एक थोबाडीत ठेवून दिली असतीस तर माझी चाळीस वर्षं बरी गेली असती. पण नाही, तुला बोरं पाडायची होती!

पोलीस बँडाची भरती निघाली तेव्हा तू अर्जच केला नाहीस. “त्या दाखल्यावर कोण घेतंय?” म्हणालास. विचारून तरी पाहायचंस! माझे बूट तू पॉलिश केलेस. कोरड्या खडूनं नाही, खऱ्या पॉलिशनं. फाट्यापर्यंत सोडायला आलास आणि एसटीच्या खिडकीतून मला सांगितलंस, “खांदे ढिले सोड, मनगटानं वाजीव.” मी लागलो. निवृत्त होईपर्यंत वाजवलं. किती लाल दिव्यांना, किती पांढऱ्या गाड्यांना सलामी दिली, हिशेब नाही. खांदे ढिले सोडून दिली. तू मोंढ्यात पोती उचललीस, त्याच खांद्यावर.

वर्षातून एकदा मी यायचो आणि आपलं तेच भांडण. आठवतं? जयंतीची मिरवणूक निघायची, पोरं तुझ्यापुढं ढोल करायची आणि तू हात मागं बांधून नुसता त्यांच्या बाजूनं चालायचास, “डावा, डावा” म्हणत. मग मिरवणूक संपल्यावर ओट्यावर बसून मी सुरू करायचो.

“खरं सांग किसन. मुद्दाम वळवलास ना?”

“चुकलं गड्या.”

“जोडठोका चुकून पडतो का कधी?”

“हाताला खाज आली आसंल.”

“अरे, आता कोण काय करणार आहे तुला? एकदा तोंडानं म्हण, की मी वळवला.”

“तुला कशाला पायजे रं ते? चा पी.”

मी चिडून उठायचो. एकदा तर न जेवता निघालो होतो, वहिनी पिशवीत भाकऱ्या बांधून मागं पळत आल्या होत्या. मला वाटायचं, हा माणूस भित्रा झालाय, केलेलं कबूल करायला घाबरतो. मी हबीबमास्तरांनाही विचारलं होतं. नांदेडला आमच्या बँडचा कार्यक्रम होता, त्यांना शोधून काढलं. डोळे पूर्ण गेले होते. मी म्हणालो, मास्तर, त्या दिवशी आम्ही चुकलो. म्हातारा रागावला. “चुके सो मोड में पाव फुटते. मैं पिछे से सुना ना. एक भी पाव नै फुटा.” म्हणजे एकाचंही पाऊल मागंपुढं पडलं नव्हतं. हे तुला येऊन सांगितलं तेव्हा तू पहिल्यांदा हातातला चहा खाली ठेवलास. मग विचारलंस, “मास्तर जेवत्यात का नीट?”

काल लोक पांगल्यावर वहिनींनी मला घरात बोलावलं. एका फडक्यात गुंडाळलेली ढोलाची काठी काढली. डोक्यावरचा कापडी गोळा काळा पडलेला. बँडला कुलूप लागलं तेव्हा काठी तुझ्या कमरेला तशीच राहिली होती म्हणे. चाळीस वर्षं घरात, आणि मला कधी दाखवली नाहीस.

“ही तुमच्याकडं द्या म्हनले होते,” वहिनी म्हणाल्या. मग फडक्याची घडी घालत, “भाऊजी, आज तुम्ही काई बोलला न्हाईत.”

मी काठी हातात घेतली.

“ते लई येळा सांगायचे. म्हनायचे, ढोलावाल्याला मागं बघता येत न्हाई. ठोके तर दिले, पर मागं कुनी येतंय का न्हाई, ह्याचा जिवाला घोर लागलता. येकटाच वळलो तर? मग म्हनं डाव्या अंगाला दिग्याचा पाय ऐकू आला. सगळ्यांच्या आधी. तेवढ्यानं धीर आला.” त्यांनी डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. “भाऊजी, येक विचारू का? तुमाला तवा ठावं होतं का, मागं टँकर हाय म्हनून?”

आणि किसन, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तुझ्या घरात, तुझी काठी हातात धरून मी म्हणालो, “न्हाई वहिनी. आम्ही ढोलाकडं पाहत होतो.”

तेव्हाच्या मुख्याध्यापकांना दिलेलं तेच उत्तर, शब्दही बदलला नाही. त्या चौघांवर मी का चिडतोय? ते तर काल खोटं बोलले. मी चाळीस वर्षं ओट्यावर बसून तुझ्याकडून कबुली मागत होतो आणि तू चहा पुढं सारत होतास. तू ‘मी वळवला’ म्हणाला असतास, तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता. मग तुझ्यामागं पहिला कोण वळला, त्याच्या दाखल्यावर ‘उत्तम’ कसं? तुला ते कळत होतं. म्हणून चुकलं, चुकलं करत राहिलास लेका, मरेपर्यंत. माझी नोकरी संपली तरी!

मला नकोय तुझी ही मेहेरबानी. उद्या नांदेडला परत जाणार होतो, जात नाही. हे कागद आधी वहिनींना वाचून दाखवणार आहे. मग काठी घेऊन शाळेत जाणार आहे आणि मुख्याध्यापकांना मुलांसमोर वाचायला लावणार आहे, काल लोक हसले त्यापेक्षा मोठ्या आवाजात.

त्या फाट्यावरून निघालो तेव्हा मी मान वळवली होती. टँकरच्या काचेतला ड्रायव्हर दिसला, गळणारं पाणी दिसलं. मग पुढं पाहिलं तर उजवीकडं मैदानातला मांडव दिसला, आणि डावीकडं आडाभोवतीच्या घागरी आणि दगड दिसले. अकरावासुद्धा. मग तुझे दोन ठोके पडले आणि मी डावा पाय टाकला. मी ढोलाकडं पाहत नव्हतो, किसन. मी रस्त्याकडं पाहिलं होतं.